अंदाजे किंमत

अर्ध्या गालावर साबण असताना माणसाने दार उघडू नये, आणि उघडलंच तर कुणाच्या शब्दात सापडू नये. भारत नगराळेंनी रविवारी सकाळी दोन्ही केलं. दारात बाबुलाल आडे उभा होता, आणि त्याच्यामागे दोन पावलं सोडून त्याची बायको भुरीबाई. नगराळेंनी त्याला पाहताक्षणी ओळखलं आणि ओळखलं नाही असं तोंड केलं. सव्वा वर्षापूर्वी ज्याच्या कमरेच्या गमछ्यातून पोलिसांनी आपल्यादेखत घड्याळ काढलं तो माणूस चपला काढून आपल्या पायरीखाली उभा राहिला, तर कोणतं तोंड करायचं, हे पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं लिपिकी करून त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"मंगळवारी तुमची साक्ष हाये ना साहेब," बाबुलाल म्हणाला.

"हो. समन्स आलंय."

"वकील मॅडमनं सांगतलं का आता सारं तुमच्या तोंडावर हाये. तुमी फक्त इतकंच म्हना का ते घडी पाच हजाराच्या आतली हाये. दुसरं काई नोका म्हनू. म्या घेतली नाई असं बी नोका म्हनू. म्या घेतली."

मागणी अशी सरळ आली की माणूस जास्तच गांगरतो. आडवळणाने आली असती तर आडवळणाने परत पाठवता आली असती. वकील मॅडमनी, म्हणजे विधी सेवेच्या दीपा मॅडमनी, सांगितलेलंही खरंच होतं. नव्या कायद्यात पहिलाच गुन्हा असला, वस्तू परत मिळालेली असली आणि तिची किंमत पाच हजारांच्या आत असली, तर माणसाला तुरुंगात न पाठवता काही दिवस समाजसेवेला लावतात. दवाखान्याचं आवार झाडायचं, बागेला पाणी द्यायचं, संध्याकाळी घरी यायचं. किंमत त्यावर गेली की तुरुंगाचं दार उघडं. बाबुलाल एका आश्रमशाळेत एकोणीस वर्षं कामाठी होता, पोरांची ताटं धुवायची, टाकी भरायची, आणि लग्नसराईच्या सुट्टीत केटररकडे वाढपी म्हणून जायचा. संस्थेच्या सचिवांनी त्याला निलंबित करताना एक माणुसकी दाखवली होती. झाडू मारायची शिक्षा झाली तर परत ये, म्हणाले, जेल झाली तर मात्र इकडे फिरकू नको. तेव्हा एकोणीस वर्षांची नोकरी, पुढची पेन्शन आणि पोरगी अंजू हिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, एवढा सगळा संसार एका घड्याळाच्या किमतीला बांधलेला होता, आणि ती किंमत नगराळेंच्या तोंडात होती. तोंडात त्या क्षणी साबण गेला होता.

"आमच्यात चांदी तोलून घेतेत जी," मागून भुरीबाई म्हणाली. तिने पदर दातात धरला होता, बोलायला तो सोडला. "बांगडी मोडाले नेली का तोलाची किंमत भेटते. कमी नाई, जास्त नाई. ह्ये घडी तोलली का कोनं?"

तोलली होती, हीच तर गंमत. तपास करणारे फौजदार ती घेऊन सराफाकडे गेले होते. सराफाने काट्यावर टाकली आणि सांगितलं, दीडशे ग्रॅम भरते, पण स्टील आहे, सोनं नाही, चांदी नाही. भंगारात दिली तर सहा-सात रुपये येतील, बाकीचं मोल मला विचारू नका. नगराळेंनी हे भुरीबाईला सांगितलं नाही. तिच्या तोलाच्या जगात सहा-सात रुपयांच्या वस्तूपायी तिचा नवरा तुरुंगात चालला होता, आणि हे ऐकून तिला धीर आला असता की तिने छाती पिटली असती, हे त्यांना ठरवता येईना. ते फक्त "पाहतो" म्हणाले. पाहतो हा फार सोयीचा शब्द आहे, त्याच्यावर अर्धं सरकार चालतं. बाबुलालने मान हलवली. त्याला वाटलं, साहेब हो म्हणाले. जाताना भुरीबाईने खाली वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. नगराळेंच्या गालावरचा साबण तोवर वाळून कातडी ओढायला लागला होता.

दाढी पुरी करताना त्यांना आरशात आपला चेहरा न दिसता तो लग्नाचा लॉनच दिसत राहिला. फेब्रुवारीतली दुपार, स्पीकरवरची सनई, उन्हात तापलेल्या कापडी कमानीचा वास. ठाण्यातून कचेरीत पत्र आलं होतं, दोन पंच पुरवावेत. सरकारी माणूस पंच म्हणून बरा पडतो, तो पुढे उलटत नाही, असा पोलिसांचा अनुभव. साहेबांनी समोर जे दिसले त्यांना पाठवलं, म्हणजे नगराळे आणि शिपाई रवी. लॉनवर गेल्यावर कळलं ते इतकंच, की इंद्रजीत नावाचे रस्त्यांचे ठेकेदार जेवून हात धुवायला गेले, हातावर बासुंदी सांडली होती म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून बेसिनच्या कठड्यावर ठेवलं, तेवढ्यात फोन आला, बोलत बोलत ते मांडवात गेले आणि परत येईतो घड्याळ नव्हतं. ठेकेदार आरडाओरड करणारा नव्हता. त्याने फक्त शेजारच्या पंगतीत बसलेल्या फौजदारांना डाव्या हाताचं मनगट दाखवलं. तिथे घड्याळाएवढी गोरी पट्टी होती. पाऊण तासात उष्ट्या ताटांच्या ढिगामागे बसलेल्या बाबुलालच्या गमछ्यात घड्याळ सापडलं. त्याने ते लांब नेलं नव्हतं, कुठे पुरलं नव्हतं, कुणाला दिलं नव्हतं. गमछा कमरेला बांधून तो त्याच जागी ताटं खरवडत बसला होता. ही कुठल्या जातीची चोरी, असं नगराळेंना तेव्हाही वाटलं होतं.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून पंचनामा झाला. पांढऱ्या धातूचे, गोल आकाराचे, निळ्या तबकडीचे, इंग्रजी अक्षरे असलेले मनगटी घड्याळ, चालू स्थितीत, अंदाजे किंमत रुपये, आणि पुढे मोकळी जागा. "बिल आणून देऊन राह्यले ते, आलं का भरून घेऊ," फौजदार म्हणाले, "तुमी करा सही." नगराळेंनी केली. हजेरीपटावर, मोजमाप पुस्तकावर, खडीच्या ट्रकांच्या पावत्यांवर त्यांनी आजवर कितीतरी कोऱ्या रकान्यांखाली सह्या केल्या होत्या आणि एकाही रकान्याने त्यांना दगा दिला नव्हता. याने दिला. बिल आलंच नाही. घड्याळ मेव्हण्याने दुबईहून आणलं होतं, आणि मेव्हण्याशी मधल्या काळात ठेकेदाराचं फाटलं. तेव्हा ठेकेदाराने तोंडाने सांगितलं तो आकडा त्या जागेत बसला. नऊ लाख पन्नास हजार, पंचांसमक्ष. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे दोनच मुखं होती, त्यातलं रवीचं चहा आणायला गेलं होतं आणि नगराळेंचं मिटलेलं होतं, पण परमेश्वर बोलून मोकळा झाला. आता कोर्टात उभं राहून रकाना कोरा होता असं म्हणावं, तर कोऱ्या कागदावर सही केली म्हणून खात्याची चौकशी लागणार, आणि सेवानिवृत्तीला दहा महिने उरलेले. पेन्शनची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे ते रोज विचारत होते. ही भीती अगदी हलकी होती हे नगराळेंना कळत होतं. बाबुलालच्या एकोणीस वर्षांपुढे त्यांचे दहा महिने म्हणजे काहीच नव्हते. पण भीती काही तोलून येत नाही.

आणि खरं सांगायचं तर भीतीचंही फारसं नव्हतं. त्यातून वाट होती. फिर्यादीने किंमत सांगितली, मला घड्याळातलं काही कळत नाही, माझ्या मते दीड-दोन हजार, एवढं म्हटलं की कोऱ्या रकान्याचा विषय निघत नव्हता आणि बाबुलालही सुटत होता. दीपा मॅडमना तेवढंच पाहिजे होतं. कुणीही साधा माणूस ते स्टीलचं घड्याळ पाहून दीड-दोन हजारच म्हणाला असता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नगराळेंची अडचण वेगळी होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्या दुपारी सही झाल्यावर फौजदारांना फोन आला, ठेकेदार वधूपित्याशी बोलायला गेला, हवालदार बाबुलालला जीपकडे नेत होता, रवी चहाला. टेबलावर घड्याळ आणि टेबलापाशी नगराळे, असे दोघंच उरले. त्यांनी ते उचललं. का उचललं याला उत्तर नाही. उचलल्यावर हाताला जे वजन लागलं ते वजन नव्हतं, झोपलेल्या लेकराला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेताना हाताला लागतं तसं काहीतरी होतं. मग त्यांनी आपलं चौदाशेचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि ते मनगटावर चढवलं. पट्टा आधी गार लागला. मग गार लागेनासा झाला. सेकंदाचा काटा टकटक करत उड्या मारत नव्हता, पाण्यावरून पान जावं तसा सरकत होता. नगराळेंनी बाही खाली ओढून ते झाकलं, आणि मग, देवाशपथ म्हणण्याची त्यांच्या घरात चाल नाही, पण अगदी खरं, त्यांनी बाही हळूच वर केली, जशी आपल्या साहेबांचे साहेब करतात तशी. त्या दीड मिनिटात ते कुणाचे लिपिक नव्हते. त्यांना कुणी पंच म्हणून पाठवलेलं नव्हतं. लॉनवरचे वाढपी आपल्याला बघून बाजूला होताहेत असं त्यांना वाटलं, आणि ते आवडलं. नंतर पट्ट्याची कडी निघेना. घामाने बोटं घसरत होती, आणि जीपमधून बाबुलाल एकटक इकडे बघत होता. त्याने पाहिलं की नाही, हे नगराळेंना आजतागायत ठाऊक नव्हतं.

ते घड्याळ मनगटावर चढलंच नसतं तर मंगळवारी नगराळे सुखाने दोन हजार म्हणाले असते. आता त्यांना ठाऊक होतं की ते दोन हजारांचं नाही. नऊ लाखांचं आहे की नाही हे त्यांना सांगता आलं नसतं, पण त्या दीड मिनिटाचे कुणी दोन हजार लावले असते तर त्यांना हसू आलं असतं. आणि हे जे त्यांना ठाऊक होतं ते कुठे होतं, घड्याळात की त्यांच्यात, याचा त्यांना काही केल्या पत्ता लागत नव्हता. घड्याळात असेल तर सराफाच्या काट्यावर ते का आलं नाही? आपल्यातच असेल, तर मग आपल्या चौदाशेच्या घड्याळावर ते का येत नाही, इतकी वर्षं हाताला बांधूनही?

त्यांचे वडील सदाशिवराव जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाच्या गाड्या लागायच्या, ग्रेडरसाहेब यायचे, गाडीतून चिमूटभर कापूस उपसायचे, दोन अंगठ्यांमध्ये धरून धागा ओढायचे आणि प्रत सांगायचे. सांगितली की शेतकऱ्याचं वर्ष ठरलं. लहानग्या भारताला ती जादू वाटायची. वडील मात्र पाठीवर गाठोडं असतानाच हळूच ओठात प्रत पुटपुटायचे, ग्रेडरच्या आधी, आणि ती तीच निघायची. पाठीवरून गेलेल्या कापसाने त्यांच्या बोटांना शिकवलं होतं. पण एके दिवशी वडील एक म्हणाले आणि ग्रेडर दुसरंच, एक प्रत खाली. गाडीवाला रडकुंडीला आला. संध्याकाळी वडील म्हणाले, साहेबाचा दात दुखत होता आज. भारताने विचारलं, मग कापूस कसा होता? वडील विडी पेटवत म्हणाले, कापूस होता तसाच होता, पण भाव तर दाताचाच लागला ना बाप्पा. आणि वडिलांची आई, म्हणजे नगराळेंची आजी, तिने छप्पन साली दीक्षा घेतल्यावर देवघरातले पितळी देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. काल ज्यांना आंघोळ घालत होती ते आज बुडबुडे काढत गेले. देवांच्या पाण्याचा तांब्या मात्र तिने ठेवून घेतला. देवाचं मोल गेलं, तांब्याचं राहिलं, असं ती हसत सांगायची, आणि तिला यात कधी काही कोडं वाटलं नाही. या दोघांतलं कुणीतरी मंगळवारी आपल्या जागी उभं राहिलं पाहिजे होतं, असं नगराळेंना वाटून गेलं. त्यांना स्वतःला ना वडिलांची बोटं आली होती ना आजीचं हसणं.

सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीने पुसदला गेले. तिथे बाजारात घड्याळांचं एक जुनं दुकान होतं. दुकानदार डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाचा सेल काढत होता. नगराळेंनी पंचनाम्यातलं वर्णन तोंडपाठ सांगितलं, निळी तबकडी, पांढरा धातू, वर असं असं नाव, काटा असा सरकतो. दुकानदाराने भिंग काढलं.

"विकाची हाये का घ्याची हाये?"

"दोन्ही नाही. किंमत सांगायची आहे."

"मंग तर काईबी सांगा," दुकानदार म्हणाला आणि हसला. मग नगराळेंचा चेहरा पाहून त्याला दया आली असावी, त्याने स्टूल पुढे केलं. "पाहा साहेब, हे मशीन कराले तिकडच्या कारागिराले महिने लागत असतीन. मानलं. पन टाइम तं माही तीनशेची घडी बी तोच सांगते, जरा जास्तच बरोबर सांगते. मंग वरचे लाख कायचे? ते मांगनाराचे हायेत. शंभर लोकायले पाह्यजे आन् घडी एकच, त्याचे लाख. इथं पुसदात कोनी मांगतच नाई, तं इथं ते किती रुपयाची?"

"म्हणजे इथे त्याला किंमत नाही?"

"तुमाले पाह्यजे का?" दुकानदाराने सहज विचारलं.

नगराळे नाही म्हणाले. फार पटकन म्हणाले. परतीच्या बसमध्ये खिडकीला बसून त्यांनी ते नाही पुन्हा पुन्हा तोंडात घोळवलं. बाहेर तुरीच्या काढलेल्या शेतांत खुंट उभे होते. इथे एक जरी माणूस ते मागणारा निघाला तर ते पाच हजारांच्या वर जाणार होतं, आणि तो एक माणूस या बसमध्ये बसलेला होता. आपण लोभी आहोत का, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. आयुष्यात कुणाच्या पाच पैशांना हात लावला नव्हता. उलट असं वाटत होतं की हात लावला असता तर बरं झालं असतं, त्या लोभाला निदान सवय राहिली असती. असा एकदम, निवृत्तीच्या तोंडावर, एका लग्नाच्या लॉनवर तो भेटायला नको होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, कुणाचा ते कळत नव्हतं.

घरी विमलताई भाजी निवडत बसल्या होत्या. नवरा काहीतरी गिळून बसला आहे हे त्यांना रविवारपासून दिसत होतं, पण विचारलं की हा माणूस आणखी आत जातो हेही त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. तरी त्या बोलल्या.

"त्या बाईनं जाताना आपल्या पायरीले हात लावला. मले ते अजिबात आवडलं नाई. आपल्या पायरीले कोनी हात लावावा असं आपन काय केलं?"

"काही केलं नाही."

"मंग करा ना. दोन हजार म्हनाले काय लागते? तुमाले घडीतलं समजते काय?"

"नाही."

"मंग? जे समजत नाई ते दोन हजारच असते," विमलताई म्हणाल्या आणि शेंगेची शीर ओढून काढली. नगराळेंना वाटलं, आत्ता सांगून टाकावं. मी ते घातलं होतं, विमल, दीड मिनिट घातलं होतं. पण ती हसली असती. ती हसली असती आणि म्हणाली असती, मंग काय झालं, आणि तिला काय झालं हे सांगायला त्यांच्यापाशी शब्द नव्हते. त्यांनी ठरवून टाकलं की दोन हजार म्हणायचं. ठरवल्यावर बरं वाटलं. जेवण गेलं, झोपही लागली.

मंगळवारी कोर्टाच्या व्हरांड्यात ते दहापासून बसले. बाबुलाल आणि भुरीबाई समोरच्या लिंबाखाली होते. या वेळी बाबुलालने नमस्कार केला नाही, त्याला मॅडमनी सांगितलं असावं की साक्षीदाराशी बोलायचं नाही. तो फक्त इकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. तो विश्वासाने बघत होता, आणि नगराळेंना त्या विश्वासाचं ओझं त्याच्या संशयापेक्षा जास्त झालं. साडेबाराला पुकारा झाला. शपथ झाली. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही तुमची का? हो. समोर घडलं ते लिहिलंय का? हो. मग दीपा मॅडम उठल्या. बारीक अंगाची, घाईने बोलणारी पोरगी, पण प्रश्न नीट रांगेत लावून आणले होते.

"पंचनाम्यातली किंमत तुम्ही स्वतः ठरवली होती का?"

"नाही. फिर्यादीने सांगितली."

"त्यांनी बिल दाखवलं होतं?"

"माझ्यासमोर नाही."

"तुम्हाला महागड्या घड्याळांची काही विशेष माहिती आहे?"

"नाही."

सगळं कसं सरळ चाललं होतं. कोऱ्या रकान्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. नगराळेंच्या छातीवरून एकेक वीट उतरत होती. मॅडमनी विनंती केली की मुद्देमाल साक्षीदाराला दाखवावा. शिपायाने लाखेचं सील तोडलं, पाकिटावरचं लेबल वाचून दाखवलं, पाकीट तिरकं केलं, आणि घड्याळ नगराळेंच्या हातात आलं. सव्वा वर्ष मुद्देमालाच्या खोलीत पडून, कापडी पाकिटातून झिरपलेली बारीक धूळ त्याच्यावर बसली होती. तेच वजन. नगराळेंनी वर बघितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात बाबुलाल दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभा होता.

"आता बघून सांगा," दीपा मॅडम म्हणाल्या. "एक साधा माणूस म्हणून. तुमच्या मते या घड्याळाची किंमत किती असेल?"

"दोन हजार," नगराळे म्हणाले. आवाज स्वच्छ निघाला. दोन हजार हे शब्द खोलीत गेले, टंकलेखकाने ते टंकले, आणि काही पडलं-झडलं नाही. झालं. इतकं सोपं होतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात त्यांनी न्यायाधीशांकडे बघितलं, शाबासकीच्या आशेने म्हणा ना. न्यायाधीश त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

सरकारी वकील सावकाश उठले. वयस्क गृहस्थ, त्यांना कसली घाई नव्हती. "मला एकच विचारायचं आहे," ते म्हणाले. "साक्षीदार, आपण हे घड्याळ कसं धरलंय?"

नगराळेंनी खाली बघितलं. डावा तळवा खाली होता, उजवा त्याच्या कडेने वळून आला होता, दोघांची मिळून ओंजळ झाली होती, आणि ओंजळीत घड्याळ. उजव्या हाताचा अंगठा काचेवरून फिरत होता. तो कधीपासून फिरत होता कोण जाणे. अर्धी काच लखलखीत निळी झाली होती, अर्धीवर अजून धूळ होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अंगठा त्या उरलेल्या अर्ध्याकडे चालला होता. त्यांनी तो थांबवला. थांबवण्यापूर्वी सगळ्यांनी पाहिला होता.

"दोन हजारांची वस्तू आपण रोज अशीच धरता का?"

दीपा मॅडम हरकत घ्यायला उठल्या. न्यायाधीशांनी हाताने त्यांना बसायला सांगितलं. ते कडक नव्हते, त्यांना थोडं वाईटच वाटत असावं. पण साक्षीदाराची वागणूक दिसली तशी नोंदवायचा त्यांना अधिकार होता, आणि टंकलेखकाकडे वळून त्यांनी संथपणे सांगितलं, "साक्षीदाराने किंमत सांगताना घड्याळ दोन्ही हातांच्या ओंजळीत धरले होते, व तो अंगठ्याने काच पुसत होता." कळा खाली-वर झाल्या. नगराळेंना म्हणायचं होतं की धूळ होती म्हणून पुसली, पडू नये म्हणून धरलं, कोर्टाची वस्तू आहे. यातलं सगळं खरं होतं, पण तोवर वाक्य टंकून झालं होतं. शिपायाने घड्याळ परत मागितलं. ते त्याच्या हातात देतानाही त्यांचा दुसरा हात खाली गेलाच. मग जबाबाचा कागद पुढे आला. त्यात एकही जागा कोरी नव्हती. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात दीपा मॅडम घाईने कागद आवरत होत्या. "निकाल लागायचाय अजून, बघू," त्या म्हणाल्या. त्यांनी नगराळेंकडे रागाने बघितलं नाही, बघितलंच नाही, आणि पुढच्या खटल्याला आत गेल्या. भुरीबाई खांबाला टेकून उभी होती. तिला आतलं काही ऐकू गेलं नव्हतं, ती नवऱ्याला त्यांच्या गोर, म्हणजे बंजारा, बोलीत पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती. नगराळे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ते का थांबले, सरळ घरी का गेले नाहीत, हे त्यांचं त्यांना कळलं नाही. माफी मागावी तर कशाची? दोन हजार तर ते म्हणाले होते. जे मागितलं होतं ते त्यांनी अक्षरशः दिलं होतं. दोन्ही हात नको तितके लांब झाल्यासारखे बाजूला लोंबत होते.

"बाबुलाल, मी—"

"असू द्या साहेब," बाबुलाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर नगराळेंना तेवढाच आधार झाला असता. त्याने आपले हात पुढे केले, खरकट्याने फाटलेले, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेले. एक तळवा खाली, दुसरा कडेने, आणि रिकाम्या ओंजळीत अंगठा हळूहळू फिरवून दाखवला. "म्या बी असंच धरलंतं. त्या बेसिनपाशी."